एक्स्टर्नल वेस्टगेट पहिल्यांदाच बसवताय? आधी हे वाचा, मग वेल्डिंगवाल्याकडे जा

टर्बो पेट्रोल गाडीवर मोठा टर्बो टाकायचा म्हटलं की कोणीतरी सांगतंच, एक्स्टर्नल गेट घे, म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर) हाताबाहेर जाऊ नये म्हणून एक्झॉस्टचा गॅस बाजूने काढणारा वेगळा व्हॉल्व्ह, वेस्टगेट. मग माणूस आधी ब्रँड बघतो, रंग बघतो, टियाल घेऊ की टर्बोस्मार्ट घेऊ यावर महिनाभर डोकं खातो, आणि गेट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलेंडरचे एक्झॉस्ट पाइप एकत्र करून टर्बोपर्यंत नेणाऱ्या भागावर, कुठे बसणार हा प्रश्न शेवटच्या दिवशी वेल्डिंगवाल्यावर सोडून देतो. माझं मत सरळ आहे, बूस्ट कंट्रोल चांगला होणार की नाही हे ऐंशी टक्के त्या वेल्डिंगच्या जागेवर ठरतं, ब्रँड त्यानंतर येतो. मी हे सगळं जुन्या ऑक्टाव्हिया आरएसवर केलंय, १.८ लिटर २० व्हॉल्व्ह टर्बो, कंपनीतून १५० हॉर्सपॉवरची गाडी, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील, पण तत्त्व सगळीकडे तेच. डिझेलवाल्यांनो, तुमच्या बहुतेक गाड्यांत व्हीजीटी, म्हणजे आतली पाती फिरवून बूस्ट सांभाळणारा टर्बो असतो, तो प्रकार वेगळा, हा लेख पेट्रोलवाल्यांसाठी.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या

एक्झॉस्टचा गरम गॅस टर्बाइन फिरवतो, टर्बाइन कॉम्प्रेसर फिरवतो, कॉम्प्रेसर इंजिनात जास्त हवा कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त एक्झॉस्ट, आणि जास्त एक्झॉस्ट म्हणजे टर्बाइन अजून जोरात. हे चक्र कुठेतरी तोडलं नाही तर बूस्ट वाढतच जातो आणि शेवटी पिस्टन नाहीतर कनेक्टिंग रॉड तरी जातो. वेस्टगेट हे चक्र तोडतो, टर्बाइनच्या आधीच थोडा गॅस बाजूने काढून देतो. शेतात दारं धरलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल, दांडाचं पाणी जास्त झालं की दारं मोडून ते दुसऱ्या सरीला लावायचं, मोटर तशीच चालू राहते.

आणि एक गोंधळ इथेच मिटवू. गिअर बदलताना फुस्स आवाज येतो तो वेस्टगेट नाही, तो ब्लो ऑफ व्हॉल्व्ह. तो इनटेक बाजूची दाबलेली हवा सोडतो. वेस्टगेट एक्झॉस्ट बाजूला असतो, तिथे फुल लोडवर पेट्रोल गाडीत ९०० डिग्रीच्या आसपास तापमान असतं.

इंटर्नल वेस्टगेट म्हणजे टर्बाइन हाउसिंगच्या आतच एक छोटं झाकण, बाहेरच्या डब्यातून आलेला रॉड ते उघडतो. स्वस्त, आटोपशीर, कंपनीच्या जवळपास सगळ्या गाड्यांत हाच. एक्स्टर्नलमध्ये मॅनिफोल्डवर स्वतंत्र युनिट असतं, आत इंजिनाच्या व्हॉल्व्हसारखा व्हॉल्व्ह, त्याच्या दांड्याला वरती डायफ्रॅम आणि डायफ्रॅमवर स्प्रिंग. स्प्रिंग व्हॉल्व्हला खाली दाबून बंद ठेवते. डायफ्रॅमच्या खालच्या खोलीत, ज्याला साइड पोर्ट म्हणतात तिथे, बूस्ट प्रेशर दिलं की ते स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलून व्हॉल्व्ह उघडतं. वरच्या खोलीत, म्हणजे टॉप पोर्टला प्रेशर दिलं तर ते स्प्रिंगला मदत करतं आणि व्हॉल्व्ह जास्त वेळ बंद राहतो. तिसरा एक जोर आहे जो लोक विसरतात, एक्झॉस्ट स्वतः व्हॉल्व्हच्या तोंडावर खालून रेटा देत असतो. ३८ मिमीच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ११.३ चौरस सेंमी, मॅनिफोल्डमध्ये दीड बार प्रेशर असेल तर जवळजवळ १७ किलोचा रेटा. ४४ मिमीला तोच रेटा २३ किलोवर जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपनीतून एक्स्टर्नल गेट घेऊन आलेल्या गाड्या मोजक्याच. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो त्यातली एक. फेरारी एफ४० च्या मागे मधोमध तीन पाइप दिसतात ना, त्यातला मधला वेस्टगेटचा आहे, बाजूचे दोन सायलेन्सरचे. पोस्टर घरी लावून वर्षं झाली तरी बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

१. तुम्हाला खरंच गरज आहे का

स्टॉक टर्बोवर नुसता रिमॅप केला असेल, म्हणजे ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) सेटिंग बदलली असेल, तर नाही. ऑक्टाव्हियाचा मूळचा के०३ टर्बो छोटा आहे, त्याच्या इंटर्नल गेटला तेवढं काम जमतं, ॲक्चुएटर, म्हणजे रॉड ढकलणारा तो डबा, थोडा कडक टाकला की विषय संपला. टर्बो बदलून गॅरेटच्या २८ सिरीजसारखा मोठा घेताय, मॅनिफोल्ड नवीन बनवायचाच आहे, किंवा इंटर्नल गेटवर बूस्ट वरच्या आरपीएमला हातातून सुटतोय, तेव्हा एक्स्टर्नलचा विचार करा. नुसत्या आवाजासाठी घेत असाल तर तुमचे पैसे, तुमची मर्जी, पण मग पुढचा कागदांचा भाग दोनदा वाचा.

२. कागद आणि सामान

कागद आधी, कारण हे कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या नियमांसाठी कलम १९०(२) वेगळं, त्यात १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पीयूसी आयडलवर होते आणि आयडलला वेस्टगेट बंदच असतो, म्हणून कागद मिळेलही, पण पीयूसीचा कागद म्हणजे मॉडिफिकेशनची परवानगी नव्हे. मी हे सगळं ट्रॅक आणि ड्रॅगसाठीच्या गाडीच्या हिशोबाने लिहितोय. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर किंवा कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर चालवायची गाडी वेगळी, रोज सिंहगड रोडला ऑफिसला न्यायची वेगळी.

तर फाइलमध्ये हे ठेवा:
- आरसी आणि इन्शुरन्स पॉलिसी. बदल इन्शुरन्सवाल्यांना कळवलेला नसेल तर क्लेम अडकतो, आणि वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी गेली समजा
- गेट, टर्बो यांची बिलं, बाहेरून मागवलं असेल तर कस्टम्सची पावती. विकताना आणि भांडताना दोन्हीला लागते
- इव्हेंटला उतरणार असाल तर त्या इव्हेंटची कागदपत्रं, लायसन्स लागतं का ते आयोजकांना आधीच विचारा

अमेरिकेतल्या मंडळींनी आपापल्या राज्याचं बघा. कॅलिफोर्नियात एक्झॉस्टच्या पार्टला कार्बचा, म्हणजे तिथल्या हवा प्रदूषण खात्याचा, ईओ हा मंजुरी नंबर नसेल तर स्मॉग चेकमध्ये नुसतं बघूनच नापास करतात.

सामान:
- गेट, त्याच्यासोबतचे फ्लँज, व्ही बँड क्लॅम्प आणि व्हॉल्व्ह सीट. सीटची रिंग वेगळी येते, डब्यात राहून जाते
- स्प्रिंगचा सेट, एकच स्प्रिंग घेऊन थांबू नका
- एसएस ३०४ चा पाइप, मॅनिफोल्डसाठी जाड भिंतीचा
- फ्लेक्स जॉइंट म्हणजे बेलो
- ४ किंवा ६ मिमीची चांगली सिलिकॉन होज, उष्णतेजवळ टेफ्लॉनची स्टील जाळीवाली
- बूस्ट गेज आणि वाइडबँड लॅम्डा मीटर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा. यावर पैसे वाचवायचे असतील तर प्रोजेक्टच करू नका
- मीटर असलेला सायकलचा पंप, टी जोड, साबणाचं पाणी
- थ्री पोर्ट सॉलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा तीन तोंडांचा हवेचा व्हॉल्व्ह, स्प्रिंगपेक्षा जास्त बूस्ट हवा असेल तरच

३. साइज

इथे सगळ्यांचं डोकं उलटं चालतं. मोठी पॉवर म्हणजे मोठा गेट असं वाटतं ना? तसं नाही. गेटमधून किती गॅस काढायचाय ते बघा. ४०० हॉर्सपॉवरचा टर्बो ०.५ बारवर चालवायचा असेल तर टर्बाइनला थोडाच गॅस हवा, उरलेला सगळा गेटमधून गेला पाहिजे, म्हणून गेट मोठा. तोच टर्बो १.८ बारवर चालवला तर बहुतेक गॅस टर्बाइनलाच लागतो, गेट लहान चालतो. छोटा टर्बो, मोठं इंजिन, कमी बूस्ट, या जोडीला सगळ्यात मोठा गेट लागतो.

१.८ ते २ लिटर, २८ सिरीजचा टर्बो, १ बारच्या आसपास, तर ३८ ते ४० मिमी पुरतो. त्याच सेटअपवर ०.५ बार धरून ठेवायचा असेल तर ४४ किंवा ४५ कडे जा. ६० मिमी मोठ्या इंजिनांसाठी, आपल्याकडे क्वचित. ३८ वरून ४४ वर गेलं की क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, ११.३ वरून १५.२ चौरस सेंमी. पण गेट ४४ चा आणि मॅनिफोल्डवरून त्याला जाणारा पाइप आतून ३५ मिमीचा असेल तर तुम्ही ३५ चाच गेट घेतलाय, फक्त पैसे ४४ चे दिलेत.

४. जागा, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा भाग

चारही सिलेंडरचे पाइप जिथे एकत्र येतात त्या कलेक्टरवर, सगळे मिळाल्यानंतर आणि टर्बाइनच्या फ्लँजच्या आधी, गेटचा पाइप निघाला पाहिजे. एकाच सिलेंडरच्या रनरवर, म्हणजे त्याच्या एकट्याच्या पाइपवर, गेट लावलेले मॅनिफोल्ड बाजारात मिळतात, स्वस्तही असतात, ते घेऊ नका. बाकी तीन सिलेंडरच्या गॅसने त्या गेटकडे यायचं म्हणजे उलटं वळायचं, ते तो करणार नाही.

दुसरं, कोन. गॅस प्रचंड वेगात टर्बाइनकडे चाललेला असतो. त्या वाहत्या धारेला काटकोनात भोक पाडून गेट लावला तर गॅस त्याच्यासमोरून सरळ निघून जातो, गेट पूर्ण उघडा असला तरी. पाइप वाहत्या दिशेतच फुटला पाहिजे, ४५ डिग्री किंवा त्याहून कमी कोनात, जणू मुख्य रस्ता गेटकडेच चाललाय आणि टर्बो थोडं वळून घेतोय. बॉनेटखाली जागा नसते, मिस्त्री म्हणतो साहेब इथे आडवा लावतो, काय फरक पडतो. पडतो. हो म्हणू नका. गाडीवर गेट, टर्बो, डाउनपाइप (टर्बोतून बाहेर पडणारा एक्झॉस्ट पाइप), रेडिएटरचा पंखा सगळं तात्पुरतं बसवून, टॅक म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके मारून बघा, बॉनेट लावून बघा, मगच पक्कं वेल्डिंग.

तिसरं, आतली सफाई. भोक पाडल्यावर कडा तशाच ठेवून वरून पाइप वेल्ड केलेला असतो, आत अर्धं भोक झाकलेलं. वेल्डिंगआधी आत बोट घालून बघा, धार लागली तर ग्राइंडरने गोल करायला लावा. वेल्डिंग आर्गनच हवं, पाइपच्या आतूनही आर्गन सोडून, नाहीतर आतल्या बाजूला स्टेनलेसवर काळे खडबडीत दाणे बनतात आणि एक दिवस सुटून टर्बाइनमध्ये जातात. भोसरी चाकण पट्ट्यात चांगले आर्गनवाले आहेत, दुधाच्या आणि फार्माच्या पाइपलाइन करणारे, ते हे काम गाडीवाल्यांपेक्षा स्वच्छ करतात असा माझा अनुभव, फक्त ड्रॉइंग कागदावर काढून न्या.

चौथं, गेटचं तोंड. बहुतेक गेटमध्ये मॅनिफोल्डचा गॅस खालून व्हॉल्व्हच्या तोंडावर येतो आणि बाजूने बाहेर पडतो. उलटा जोडला तर एक्झॉस्टचं प्रेशर व्हॉल्व्हला बंद ठेवायला मदत करेल आणि बूस्ट सुसाट. गेटसोबत आलेल्या कागदावरचा बाण बघा. आणि डायफ्रॅमचा डबा टर्बाइनच्या अंगाला चिकटून येणार नाही अशा बाजूला फिरवा. गेटला पाण्याच्या कूलिंगचे पोर्ट असतील तर ते जोडा, शोसाठी दिलेले नसतात.

ट्विन स्क्रोल टर्बो, म्हणजे टर्बाइनपर्यंत गॅसच्या दोन वेगळ्या वाटा असलेला, असेल तर दोन्ही बाजूंना गेटची वाट हवी, एकतर दोन छोटे गेट नाहीतर दोन वेगळे पाइप थेट गेटच्या तोंडापर्यंत. मधली भिंत आधीच फोडली तर ट्विन स्क्रोलचे पैसे पाण्यात.

५. स्प्रिंग

स्प्रिंग ठरवते तुमचा कमीत कमी बूस्ट. सॉलेनॉइडने तुम्ही त्याच्या वर जाऊ शकता, खाली कधीच नाही. म्हणून स्प्रिंग अशी निवडा की सगळं इलेक्ट्रॉनिक बंद पडलं, साधं पेट्रोल भरलेलं असलं, एप्रिलच्या दुपारी गाडी तापलेली असली, तरी त्या बूस्टला इंजिन सुरक्षित आहे. १.२ बार हवा असेल तर ०.७ किंवा ०.८ ची. स्प्रिंगच्या दुप्पट बूस्टपर्यंत थ्री पोर्टने जाता येतं असा ढोबळ हिशोब आहे, पण तो का ते बघा. टॉपला आणि साइडला सारखंच प्रेशर झालं की ती दोन्ही एकमेकांना जवळजवळ मारतात, मग व्हॉल्व्ह बंद ठेवायला उरते फक्त स्प्रिंग, आणि तिच्यासमोर तो मघाचा १७ किलोचा रेटा. स्प्रिंग मऊ असेल तर एक्झॉस्टच गेट उघडून टाकतो.

इथेच एक घाटातली गंमत. डायफ्रॅमच्या वरची बाजू बाहेरच्या हवेला उघडी असते, त्यामुळे स्प्रिंग नेहमी बाहेरच्या हवेच्या वर मोजते. १ बारची स्प्रिंग मुंबईत असली तर इंजिनाला मिळतात एकूण साधारण २ बार, महाबळेश्वरला बाहेरची हवाच ०.८६ च्या आसपास, म्हणजे एकूण १.८६. गेज दोन्हीकडे १ च दाखवेल. वर गेल्यावर गाडी थोडी मंद वाटली तर गेट खोलत बसू नका.

स्प्रिंग बदलताना काळजी घ्या. वरच्या टोपीखाली ती दाबून बसवलेली असते. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब बोल्ट टाका, बाकीचे काढा, मग ते दोन लांब बोल्ट थोडे थोडे, सारखे सैल करत या. सगळे छोटे बोल्ट एकदम काढले तर टोपी तोंडावर येते. परत लावताना डायफ्रॅमची कड चिमटली नाही ना ते बघा. आणि इंटर्नलवाल्यांची सवय, रॉड फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण, वाढवणं, इथे नाही. जे आहे ते स्प्रिंगच.

६. बाहेर पडणारा गॅस कुठे न्यायचा

दोन वाटा. एक, छोटा पाइप बाहेर काढून मोकळं सोडायचं, ज्याला स्क्रीमर म्हणतात. बूस्टला भयंकर किंचाळतो, पोरं खूश, शेजारी नाही. हा गॅस कॅटलिटिक कन्व्हर्टरला चुकवून जातो, आणि पाइप बॉनेटखालीच संपवला तर वायरिंग जळणं आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड येणं, दोन्ही शक्य. दुसरी वाट, तो परत डाउनपाइपला जोडायचा. कामाचं उत्तर हेच. टर्बाइनच्या तोंडाशीच नका जोडू, तिथे गॅस गरगरत बाहेर येत असतो, ३० ते ४५ सेंमी पुढे, तिरक्या कोनात आणा. लॅम्डा सेन्सर त्या जोडाच्या पुढे.

बेलो विसरू नका. अर्धा मीटर स्टेनलेस पाइप ८०० डिग्रीने तापला की जवळजवळ ७ मिमी लांब होतो. दोन्ही टोकं घट्ट असतील तर हे ७ मिमी कुठेतरी जाणारच, आणि ते वेल्डमधून जातात, बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या सगळ्यात महागड्या कोपऱ्यातून.

७. होज जोडणी

साइड पोर्टला प्रेशर कॉम्प्रेसर हाउसिंगवरच्या निपलवरून द्या. इनटेक मॅनिफोल्डवरून नाही. अर्धा थ्रॉटल दिलेला असताना थ्रॉटलच्या आत व्हॅक्युम असू शकतो आणि बाहेर कॉम्प्रेसर प्रेशर बनवत असतो, गेटला ते कळणारच नाही. ब्लो ऑफ व्हॉल्व्हचं बरोबर उलटं, त्याला इनटेक मॅनिफोल्डचीच लाइन हवी. या दोन होज एकमेकांच्या जागी लावलेली गाडी मी एका ओळखीच्या मित्राकडे बघितली, गॅरेजवाला टर्बो बदला म्हणत होता.

होज आखूड ठेवा, त्या लाइनवर गेज, फ्युएल रेग्युलेटर वगैरे काही टी मारून जोडू नका. सिलिकॉन साधारण २०० डिग्रीपुढे टिकत नाही, मॅनिफोल्डजवळ जाळीवालीच. दोन्ही टोकांना क्लिप.

नुसती स्प्रिंग वापरायची तर साइड पोर्टला लाइन, टॉप पोर्ट उघडा, बूच मारायचं नाही. सॉलेनॉइड असेल तर कॉम्प्रेसरवरून एक लाइन थेट साइड पोर्टला, तिलाच टी करून दुसरी सॉलेनॉइडला, आणि सॉलेनॉइडमधून टॉप पोर्टला. करंट नसताना टॉप पोर्ट हवेला उघडा राहिला पाहिजे, म्हणजे वायर तुटली तरी बूस्ट स्प्रिंगवर खाली येतो. कुठला पोर्ट कुठे ते यूट्यूबवरून ठरवू नका, तोंडाने फुंकून बघा, एकदा करंट न देता, एकदा १२ व्होल्ट देऊन.

हे मात्र पाठच करा: साइडची होज निघाली किंवा फाटली तर गेट उघडतच नाही, बूस्ट बेलगाम. टॉपची निघाली तर बूस्ट फक्त कमी होतो. म्हणजे दोन्ही होज सारख्या दिसत असल्या तरी साइडची होज इंजिनाचा जीव आहे.

८. गाडीवर चढवण्याआधी टेबलावर टेस्ट

सायकलच्या पंपाला टी लावून एक तोंड साइड पोर्टला, एक मीटरला. हळूहळू हवा भरा. व्हॉल्व्ह किती प्रेशरला हलायला लागतो ते लिहून ठेवा, टोपीवर मार्करने लिहिलंत तर उत्तम. मग तिथेच थांबून मीटर बघा, काटा खाली सरकत असेल तर डायफ्रॅम किंवा कड गळतेय, साबणाचं पाणी लावून शोधा. कॉपी गेट इथेच पकडले जातात, १ बार लिहिलेली स्प्रिंग भलत्याच प्रेशरला उघडते किंवा व्हॉल्व्ह सीटवर तिरका बसतो. व्हॉल्व्हच्या खाली टॉर्च धरा, बंद असताना प्रकाश दिसायला नको.

९. पहिला रन

शक्यतो डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर रोलरवर चालवून पॉवर मोजतात त्या मशीनवर. सॉलेनॉइडचा प्लग काढून ठेवा, फक्त स्प्रिंग. ईसीयूमधला ओव्हरबूस्ट फ्युएल कट चालू ठेवा, काही ट्यूनर आधी तोच बंद करतात, त्यांच्याकडून चावी परत घ्या. आपल्या १.८ टी मध्ये कंपनीचा बूस्ट कंट्रोलचा एन७५ व्हॉल्व्ह काढला की ईसीयू रुसतो, बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर पी०२९९ हा एरर कोड, जास्त दिसला तर पी०२३४, म्हणून मॅप त्याच दिवशी बदलून घ्यावा लागतो. पेट्रोल ज्याच्यावर ट्यून करणार तेच भरा. पुण्यात इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन २०२० च्या डिसेंबरपासून मिळायला लागलं, पण त्यावर ट्यून करून नंतर साधं भरायचं असं चालत नाही.

तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून हळू थ्रॉटल, पहिल्यांदा अर्धा, नजर गेजवर. बूस्ट स्प्रिंगच्या जवळ येऊन थांबतोय का एवढंच बघायचं. मग पूर्ण थ्रॉटल, आरपीएम, बूस्ट, लॅम्डा, इग्निशनचं टायमिंग किती मागे जातंय, हे सगळं लॉग. बूस्टमध्ये लॅम्डा ०.८ च्या आसपास हवा. स्प्रिंगवर रेघ सरळ येईपर्यंत सॉलेनॉइडला हात लावू नका.

१०. ग्राफ वाचायला शिका

बूस्ट स्प्रिंगवर येतो आणि आरपीएम वाढेल तसा हळूहळू चढतच जातो, हा क्रीप. गेट पूर्ण उघडा आहे पण गॅस पुरेसा निघत नाही. थंडीच्या रात्री जास्त होतो, कारण थंड हवा दाट असते. मोकळा डाउनपाइप टाकल्यावरही वाढतो, त्यामुळे लोक चक्रावतात, कालपर्यंत नव्हता, सायलेन्सर बदलला आणि आला. सगळ्यात मऊ स्प्रिंग टाकून बघा, तरीही ०.६ बारच्या वर जात असेल तर दोष स्प्रिंगचा नाहीच, चौथ्या पायरीवर परत जा आणि पाइप कापायची तयारी ठेवा. कंट्रोलर बदलून क्रीप जात नाही, कितीही महाग घेतला तरी.

बूस्ट येताना क्षणभर उसळी मारून मग खाली बसतो, तो स्पाइक. होज लांब किंवा सॉलेनॉइडचं ड्यूटी, म्हणजे तो चालू राहण्याचं प्रमाण, सुरुवातीला जास्त. हे ट्यूनिंगने जातं.

वरच्या आरपीएमला बूस्ट गळतो, तो टेपर. बूस्ट लीक आधी शोधा, क्लॅम्प सुटलेला असतो. तो नसेल तर एक्झॉस्टचा रेटा गेट उघडतोय, स्प्रिंग एक पायरी कडक करा, किंवा टर्बाइन हाउसिंगच लहान पडतंय. फोर पोर्ट सॉलेनॉइडनेही थोडी मदत होते, पण स्प्रिंग स्वस्त पडते.

काटा वरखाली थरथरतोय तर सॉलेनॉइडची फ्रिक्वेन्सी बघा, साधारण ३० हर्ट्झच्या आसपास चालतं, आणि होज आखूड करा.

११. नंतरची देखभाल

पहिल्या दोनतीन वेळा गरम होऊन गार झाल्यावर व्ही बँड परत आवळा, गारच असताना. प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी साइडची होज हाताने ओढून बघा. वर्षातून एकदा गेट काढून सायकलच्या पंपाने परत मोजा आणि टोपीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. आकडा तोच पण काटा सरकतोय तर डायफ्रॅम बदला, तो सुटा मिळतो. आकडा खाली आलाय तर स्प्रिंग थकली. आकडा वर गेलाय आणि व्हॉल्व्ह अडखळत उघडतोय तर दांड्यावर कार्बन आहे, साफ करा, तेल किंवा ग्रीस मात्र लावू नका, ते जळून अजून चिकटतं.